दादाची अकरा फुटी होडी

आमची होडी वारा पाठीशी असला की झकास जायची. परत यायची नाही, एवढंच काय ते.

अकरा फुटांची, प्लायवूडची, वरून सगळी उघडी, दोन माणसं बसली की भरली. दादाने ती नाशिकरोडच्या आमच्या घराच्या गच्चीत बांधली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तरुणपणी नेव्हीत सुतार होता, तिथेच लहान शिडाच्या होड्या हाकायला शिकला. मी त्याची धाकटी बहीण. मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं अप-डाऊन करून रिटायर झाले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, दादा-वहिनींच्या घरात वरच्या खोलीत राहते. तोंडाने फटकळ आहे, ते वाचताना कळेलच.

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं की माणसं देवदेव करतात, काढे पितात. हा बाबा टेम्पोत प्लायवूड घालून घरी आला. वहिनी म्हणाली, "अहो, कप धरवत नाही तुम्हाला, करवत कशी धरणार?" पण करवत धरली त्याने. आकडीसारखा हात उडायचा, मग थांबायचा, मग पुन्हा कापायला घ्यायचा. दोरी धरायला, खिळे द्यायला, शिव्या खायला मी होतेच.

त्याला एकच गोष्ट करायची होती. गंगापूर धरणाच्या पाण्यावर या काठावरून त्या काठावर शिडाने जायचं आणि सुकाणू स्वतःच्या हातात धरून, वल्ही न मारता, परत यायचं. एकदाच. हात पुरते जायच्या आत. मला तो म्हणाला, "एवढं जमलं ना, मग काय व्हायचं ते होऊ दे." मी म्हटलं, "काय व्हायचंय? काही होत नाही." असलं काहीतरी बोलतो आपण.

गिरणाऱ्याच्या बाजूला एका ओळखीच्या बाबांचा द्राक्षाचा मळा पाण्याला लागून होता. त्यांच्या शेडमध्ये होडी ठेवली. दुपारनंतर तिथे वारा मळ्याच्या मागून येतो, म्हणजे आमच्या काठावरून समोर वाहतो. पहिल्या रविवारी शीड चढवलं आणि दहा मिनिटांत समोरच्या काठाला! दादा लहान पोरासारखा ओरडला. मीही ओरडले, खोटं कशाला सांगू.

मग परत फिरलो. वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच होडी सरळ जात नाही. तिरकं जायचं, मग नाक वाऱ्यातून पलीकडे फिरवायचं, पुन्हा दुसऱ्या बाजूने तिरकं. दर वळणाला थोडं थोडं वर चढायचं. होडी आडवी घसरू नये म्हणून मधल्या फटीतून एक फळी पाण्यात सोडलेली असते. माझं काम कललेल्या बाजूच्या विरुद्ध कडेवर बसून वजन टाकायचं. "तुझं वजन पहिल्यांदा कुणाच्या कामाला आलं," दादा म्हणाला. तास झाला. काठावर एक वाकडी बाभूळ होती, तासापूर्वीही आम्ही तिच्यासमोर होतो आणि तासानंतरही तिच्याच समोर. दर वळणाला होडी अर्ध्यात अडायची, शीड फडफडायचं आणि आम्ही मागे मागे जायचो. शेवटी मी वल्ही घेतली. दादा पाठ करून बसला.

मळ्याचे बाबा काठावरून म्हणाले, "लय हलकी हाय हो तुमची. वाऱ्यापुढं टिकायची नाय ही."

पहिला दोष शिडाचा निघाला आणि तो खराच होता. शीड शिवलं होतं मंडपवाल्या शिंप्याने. नाशकात शीड कोण शिवणार? दादाने नकाशा दिला होता, त्यात कडेची रेघ बाहेरून फुगीर होती, म्हणजे कापडाला पोट येतं आणि वारा त्यात भरून ओढतो. शिंप्याचा सगळा अभिमान कापड सपाट, ताठ बसवण्यात. त्याला वाटलं, काकांची रेघ चुकली. त्याने पट्टी लावून ती सरळ केली आणि वर आम्हाला सांगितलंही नाही. आम्ही इतके हुशार, की ते कडक शीड बघून त्याला पेढे दिले!

मी गेले भांडायला. तो म्हणाला, "ताई, माझ्या हातून झोळ जात नाही. लोक हसतात."

"अहो, तुमच्या मंडपात लोक जेवतात. आमच्या मंडपाने आम्हाला ओढायचंय!" मी म्हटलं. दोन चकरा मारल्या, समोर बसले, तेव्हा कुठे त्याने नाक मुरडत पोट घातलं.

नवं शीड चांगलं होतं. तरीही बाभूळ तिथेच. मग दादाने मधली फळी वीतभर लांब केली. मग डोलकाठी थोडी मागे कलती केली. मग मी पुढे सरकून बसायचं, मग मागे. हिवाळा असाच गेला. दर रविवारी मी वल्ही मारत काठाला यायचे आणि दर सोमवारी दादा गच्चीत काहीतरी तासत बसायचा. त्याचं जेवण सांडायला लागलं होतं, शर्टाची बटणं वहिनी लावायची. पण गच्चीत गेला की वेगळाच माणूस. वहिनी मला जिन्यात गाठून म्हणायची, "जमेल ना गं त्यांना?" आणि मी म्हणायचे, "जमेल की! फळीचंच काहीतरी आहे."

खरंच सांगते, तोवर मला तसंच वाटत होतं.

फेब्रुवारीतला एक रविवार. परत येत होतो, म्हणजे येत नव्हतो. दादाची गोळीची वेळ झाली. डबी उघडायला त्याला दोन्ही हात लागायचे. म्हणाला, "धर जरा." मी सुकाणूचा दांडा धरला. शिडाचा दोर दुसऱ्या हातात. काही केलं नाही मी, आईशप्पथ. नुसता धरून ठेवला.

होडी चालायला लागली. नाकाखाली पाणी बोलायला लागलं, ते मी इतके महिने ऐकलंच नव्हतं. काठ जवळ आला तसं वळावं लागलं. त्याला शंभरदा बघितलेलं, तसा दांडा ढकलला आणि होडी एका दमात गर्रकन फिरली. दादा अजून झाकण लावत होता. बाभूळ मागे पडली.

"घे बाबा तुझं," म्हणून मी घाईने दांडा त्याच्या हातात दिला. पाण्याचा आवाज लगेच बसला. तेव्हा मी पहिल्यांदा होडीकडे न बघता त्याच्या हाताकडे बघितलं. हात कापत होता, दांडा कापत होता, आणि पाण्यात सुकाणू सारखं डावी-उजवीकडे फडफडत होतं, चालत्या सायकलचा ब्रेक कुणीतरी दाबत राहावा तसं. वळताना हात सुरुवात करायचा आणि मध्येच थिजायचा. होडी वाऱ्यात नाक खुपसून उभी. तो ओठ चावून दांड्याकडे बघत राहायचा, हात कधी सुटतो म्हणून.

मी पुन्हा वल्ही घेतली.

त्या आठवड्यात दादाने नवं सुकाणू केलं, जुन्यापेक्षा मोठं. रविवारी म्हणाला, "परत येताना तू चालव. मी मागे वाकून सुकाणू पाणी कसं कापतंय ते बघतो. दोष आता तिथेच आहे."

रस्ताभर गाडी मी चालवत होते. दोष तिथे नव्हता हे त्याला पाच मिनिटांत कळणार होतं. मग मी ठरवलं. होडी वाईट चालवायची. होडीच भिकार आहे, असं वाटू दे त्याला. माणूस आपल्या होडीवर चिडून जगू शकतो.

समोरच्या काठावरून फिरलो आणि मी दांडा हलवायला लागले. जरा इकडे, जरा तिकडे, सारखा. होडी रेंगाळली. वळण आलं, मी अर्ध्यात हात थांबवला. शीड फडफडलं, आम्ही मागे सरकलो. "बघितलंस?" मी मोठ्याने म्हटलं. "तुझी होडीच मुळात धड नाही! माझ्याही हातात तेच." पुन्हा वळण, पुन्हा तसंच. मला वाटलं, काय बेमालूम करतेय मी.

दादा सुकाणूकडे बघतच नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता. खूप वेळ बघितलं त्याने.

"माझी नक्कल करू नकोस," तो म्हणाला.

मला धरणात उडी टाकावीशी वाटली.

"नीट चालव," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "होडी कशी आहे, ते मला बघू दे."

मग मी नीट चालवली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात मात्र माझा दगडासारखा स्थिर, मेला. होडी वाऱ्यावर अशी चढत गेली की काय सांगू. झोत आला की जरा कलायची, दोर सोडला की सरळ व्हायची, दांड्याला बोट लावलं की ऐकायची. पाच वळणांत काठ. दादा मध्ये बसून कधी शिडाच्या पोटाकडे बघत होता, कधी फळीकडे. एकदाही दांडा मागितला नाही. मीही दिला नाही, आणि द्यायला हवा होता का, हे मला अजून कळत नाही.

बाबा काठावर टाळ्या पिटत होते. "आज बिनवल्ह्याचं आलात की! जमलं म्हणा!"

"होडीत खोट नव्हती," दादा त्यांना म्हणाला.

इतके महिने दुरुस्त करायला काहीतरी होतं. आता काहीच उरलं नव्हतं, आणि ते माझ्याच हाताने मी त्याला दाखवून दिलं होतं.

गाडीत बसलो तोच वहिनीचा फोन. दादाने तो स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. "आलात का हो शिडाने परत?"

"आलो," दादा म्हणाला.

वहिनी इतक्या जोरात ओरडली, की शेजारचे बघत असतील. शिरा करते म्हणाली. दादाने फोन बंद केला. मग मला म्हणाला, "उद्या गच्चीतलं सामान आवरून टाक."