वसंतकाकांना समुद्र कळत नाही

नवऱ्याला माझ्या सगळ्या भानगडी माहीत आहेत, ही एक सोडून. तुम्हाला सांगते – तुम्ही आमच्या मंडळात कुणाला ओळखत नाही ना?

दोन हजार पाचच्या सुमाराला मी जर्सी सिटीत राहायचे आणि मॅनहॅटनमधल्या एका छोट्या संस्थेत काम करायचे. दोन देशांचं भांडण कोर्टात न जाता मिटवायचं असेल, तर मध्यस्थ कोण असावा ते आम्ही सुचवायचो. विद्वान पुष्कळ मिळत. पण दोन्ही बाजूंना आपला वाटेल असा माणूस – तो कुठून आणायचा?

एकदा दोन बेटांच्या देशांचा मासेमारीवरून वाद आला आणि मीच वसंतकाकांचं नाव सुचवलं. काका कायद्याचे निवृत्त प्रोफेसर. फुटायला निघालेलं आमचं महाराष्ट्र मंडळ त्यांनी गोड बोलून एकत्र ठेवलं होतं. काका हरखले. जन्मात मासा न खाल्लेला माणूस, पण मी मालवणची म्हणून मला फोनवर फोन – "अगं, ट्यूना मायग्रेट करतो, मग तो नक्की कुणाचा गं?" हसून हसून माझी मुरकुंडी वळायची.

मग गणपती आले. कार्यक्रमाला वेळ कमी पडला – आमची एकांकिका ठेवायची की मुलांचा ऑर्केस्ट्रा? काकांनी दोन्ही गटांचं ऐकून घेतलं आणि मुलांना स्टेज दिलं. बरोबरच होतं ते. पण माझी प्रमुख भूमिका होती हो! मी नुसती धुमसत होते.

सोमवारी बॉसनं विचारलं, हे गृहस्थ निःपक्षपाती आहेत ना? आणि मी – कसं सांगू – खांदे उडवून म्हटलं, ते एका बाजूला झुकतात अशी आमच्या लोकांत कुरबुर आहे. कुरबुर करणारी एकटी मीच होते. आमच्या कामात एवढं वाक्य पुरतं. दुसऱ्याच कुणाची तरी निवड झाली.

काकांनी विचारलं, "माझ्यात काय कमी पडलं? फ्रँकली सांग, इम्प्रूव्ह करीन."

"काका, त्यांना समुद्र जवळून बघितलेला माणूस हवा होता," मी म्हटलं.

त्यांना ते पटलंसुद्धा. तेव्हापासून दर शनिवारी काकूंना गाडीत घालून ते जर्सीच्या किनाऱ्यावर जाऊ लागले, तिथल्या मासेमारांशी गप्पा मारायला. वासानं काकूंचं डोकं उठायचं. "नेक्स्ट टाइम प्रिपेअर्ड असलेलं बरं," काका मला खुशीत सांगायचे.

नेक्स्ट टाइम येणारच नव्हता. ऑफिसात त्यांचं नाव निघालं, की कुणीतरी माझंच ते 'एका बाजूला झुकतात' मला ऐकवायचं. आणि मी काकांना म्हणायचे, "जा ना काका, या शनिवारी ऊन छान आहे."