रिकामं जातं

भर दुपारी, घरातलं सगळं दळण उरकलेलं असताना, माझी थोरली जाऊ रिकामं जातं ओढत बसायची. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, बाईचं लक्ष नसेल. मी सुपातले मूठभर जोंधळे जात्यात टाकायला गेले, तर तिनं माझा हात धरला. तिचा तळवा घामानं ओला आणि गार होता.

"नगं टाकू," ती म्हणाली. "पीठ न्हाय पायजे मला. नुस्तं वडू दे जरा. भ्याव वाटायलंय."

"कशाचं?"

"त्येच तर कळत न्हाय गं," म्हणून ती चक्क हसली.

घरात तिला सगळे अक्का म्हणत. अणदूरहून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव, तेव्हा निजामाच्या राज्यातलं. अक्का उंच, हाडापेरानं मजबूत. गोठ्यात साप निघाला तर गडीमाणसं मागं सरायची आणि ही काठीवर उचलून त्याला बांधापलीकडं सोडून यायची. पण काही कारण नसताना मधेच तिची छाती धडधडायला लागे, श्वास पुरेना, हातपाय लटलट कापत. आता आपण मरणार, असंच तिला वाटे. जड दगडाच्या फेऱ्यांबरोबर तिचा श्वास हळूहळू ठिकाणावर येई. रिकामं जातं ओढणं अशुभ म्हणून सासूबाई ओरडत, पण ती ऐकत नसे. म्हणायची, "भ्याव म्हंजी पाव्हणा हाय बघ. हाकलाय गेलं की ठाण मांडून बसतंय. बसू दिलं, की आपसूक कट्टाळून जातंय."

एवढी साधी गोष्ट. पण घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडंच. माझ्या लग्नाआधी अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत गर्दीत ती अशीच कापत खाली बसली होती. तिथं कवड्यांची माळ घातलेली, देवीच्या नावानं जोगवा मागणारी एक म्हातारी आराधीण होती. तिनं हिच्या कपाळाला कुंकू फासलं आणि जाहीर केलं, "तुळजापूरची आई आलीया हिच्यात." झालं! सासूबाई ताठ मानेनं घरी आल्या. तेव्हापासून दर मंगळवारी गावच्या बायका खण-नारळ घेऊन आमच्या ओसरीवर जमू लागल्या. कुणाची गाय आटलेली, कुणाची सून रुसून माहेरी बसलेली. आई, बोल. आई, सांग.

आणि अक्काला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची? गर्दीची. गर्दी झाली की हिला भीती वाटे, भीती वाटली की ही थरथरे, थरथरली की म्हणायचं देवी आली, आणि देवी आली म्हटल्यावर पुढच्या मंगळवारी दुप्पट गर्दी. हे चक्र डोळ्यांनी बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अक्का हात जोडून सांगायची, "अगं बायांनो, आई न्हाय, भ्याव हाय मला." त्यावर बायका एकमेकींकडं बघून माना डोलवायच्या, "आई परीक्षा बघायली." आता यांच्यापुढं डोकं किती आपटायचं! हो म्हटलं तर देवी, नाही म्हटलं तर देवीची परीक्षा.

सासूबाईंच्या मनात तिला तुळजापूरला नेऊन माळ घालायचं होतं. एकदा गळ्यात माळ आणि हातात परडी आली की बाई जन्माची आराधीण. दर मंगळवारी दारोदार जोगवा मागायचा, लोकांत बसायचं, लोकांकडून पाया पडून घ्यायचं. अक्का माझ्याजवळ रडली ती त्या एकाच गोष्टीसाठी. "ती माळ गळ्यात पडली ना, की माझ्या भ्यावाला कुणी भ्याव म्हणायचं न्हाय गं. म्या मरंपस्तोर."

मग मीच थोरल्या दिरांच्या, अक्काच्या नवऱ्याच्या, मागं लागले. त्यांची धाराशिवच्या कचेरीत तारीख होती, त्याच बैलगाडीतून आम्ही दोघी गेलो. तिथं एक वयस्कर हकीम होते. त्यांनी अक्काची नाडी पाहिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घबराहट है, अम्मा. इससे जान नै जाती. भीड में नक्को जाव." अक्काचा चेहरा असा उजळला की काय सांगू! कुणीतरी तिच्या दुखण्याला दुखणं म्हटलं होतं. परतीच्या वाटेवर ती 'घबराट, घबराट' असं पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि दर वेळी मला कोपरानं ढोसत होती.

घरी आल्याआल्या तिनं सासूबाईंना सांगितलं, "आत्याबाई, मला घबराट हाय. हकिमानं सांगितलं."

सासूबाईंनी हातातलं काम सोडलं नाही. "हकिमाला आपल्या आईची काय वळख?" विषय संपला.

पुढं रझाकारांच्या धामधुमीचं वर्ष आलं. रोज नवी अफवा, गावं ओस पडू लागली. आम्हीही गाठोडी बांधून हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला एका छावणीत गेलो. पहिल्याच दिवशी, मागं गावाला आग लागल्याची आवई उठली आणि सासूबाईंनी छाती धरली. श्वास घेता येईना, अंग लटलट कापायला लागलं, डोळे पांढरे. "मरायले रं... म्या मरायले..."

सगळे नुसते ओरडत होते. शांत होती ती एकटी अक्का. ती सासूबाईंसमोर मांडी घालून बसली, त्यांचे पाय गार मातीवर टेकवले आणि त्यांचा हात मुठीत धरून जमिनीवर गोल फिरवायला लागली, जात्याचा खुंटा धरल्यासारखा.

"दळा, आत्याबाई. वडा माझ्यासंगं."

"मरायले गं म्या..."

"मरत न्हाय तुमी. म्या रोज मरती, अजून हाय. वडा."

रिकाम्या जात्यावरून आयुष्यभर बोल लावणारी ती बाई छावणीच्या मातीत, जातंच नसलेलं जातं ओढत बसली. हळूहळू त्यांचा श्वास परतला. भोवतीच्या बायका म्हणाल्या, "घाबरली बिचारी म्हातारी." एकीच्याही तोंडी देवीचं नाव नाही! मी मनाशी म्हटलं, चला, आता तरी कळलं असेल. स्वतःच्या अंगावरून गेलंय, आता म्हातारी माळेचं नाव काढणार नाही.

माझी अक्कल! निजामाचं राज्य गेलं, आम्ही गावी परतलो आणि आल्याआल्या सासूबाईंनी तुळजापूरला जायचं ठरवलं. "हिच्या हातानं आईनंच मला वाचवलं." मी भांडले, दोन दिवस जेवले नाही. थोरले दीर खाली मान घालून गाडी जुंपत राहिले. अक्काच्या गळ्यात माळ पडली, चहूकडून उदोउदो झाला, ती त्या गर्दीत थरथर कापली आणि लोक धन्य झाले.

ती माळ तिनं पुढं जन्मभर वागवली. पण मंगळवारी कुणी भेदरलेली बाई आली की बाकीच्यांना अंगणाबाहेर घालवायची, "आईचा हुकूम हाय" म्हणायची आणि तिला जात्यापाशी बसवायची. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही पण?" तर म्हणाली, "काय करू? भ्यावाचं कुणी ऐकत न्हाय. आईचं ऐकतेत." शेवटच्या आजारात तिनं माझा हात धरला, तसाच ओला, गार हात. "लोक काय म्हनायचं ते म्हनू दे. तू मात्र सांग. घबराट हुती म्हनून."

सांगते आहे तेव्हापासून. ऐकतंय कोण! भिंतीवर तिच्या फोटोला कवड्यांची माळ आहे. जातं देव्हाऱ्याशेजारी मांडलंय, हळदीकुंकवानं लिंपलेलं, त्याला कुणी हात लावायचा नाही.

परवा माझी धाकटी सून माजघरात एकाएकी खाली बसली. घामाघूम, हातपाय कापत होते, बोलता येईना. शेजारीण कुंकवाचा करंडा घेऊन धावली, "अक्काची आई हिच्यात आली गं!" मी तो करंडा तिच्या हातातून हिसकला आणि कोनाड्यात ठेवून दिला. पदरानं जात्यावरचं हळदीकुंकू खसाखसा पुसलं, सुनेला ओढत तिथं नेलं आणि तिचा हात खुंट्यावर ठेवला.

"आत्याबाई, मी मरते की काय..."

"मरत नाहीस. आमची अक्का रोज मरायची. ओढ."