पाळी आल्याचं कुणाला सांगावं

पार्लरमध्ये तिला सगळ्याजणी ताई म्हणायच्या. भुवया कोरताना तिचा हात इतका हलका चालायचा, की काही बायका खुर्चीत चक्क डुलकी काढायच्या. दुसऱ्यांच्या हनुवटीवरचे केस ती बोलता बोलता काढून टाकायची. स्वतःचे मात्र घरी, बाथरूमच्या आरशापुढे चिमट्याने उपटायची. आधी सोबत काम करणारी मैत्रीण दोरा फिरवून द्यायची. ती लग्न करून दुसऱ्या गावी गेली, आणि दुसऱ्या कुणापुढे हनुवटी वर करायची हिची तयारी नव्हती.

पाळी महिनोन्महिने यायची नाही. शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, आणि पीसीओएस निघालं, म्हणजे बीजकोशाचा त्रास; पाळी चुकणं आणि हनुवटीवरचे केस, दोन्ही त्याचंच. गोळ्या मिळाल्या, रोज चालायला सांगितलं, शिवाय जेवणाआधी इसबगोल. त्याने हा त्रास मुळातून जायचा नाही, पण भूक आटोक्यात राहील आणि जेवल्यावर साखर एकदम चढणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी तिने हौसेने अर्धा ग्लास पाण्यात तीन चमचे कालवले. तोंडाला लावेपर्यंत त्याची खळ झाली होती. तीच तिने नाक दाबून गिळली. दुसऱ्या दिवशी पोट असं फुगलं, की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर वाकायची सोय राहिली नाही. मग अक्कल आली. थोडंसंच घ्यायचं, पाणी भरपूर, आणि ढवळलं की लगेच पिऊन टाकायचं.

थोरली बहीण फोनवर हसायची. भुसा खाऊन कुणाचं भलं झालंय, त्यापेक्षा लग्नाचं बघ, असं तिचं म्हणणं. ही नुसती हूं हूं करायची. संध्याकाळी चालायला निघालं, की रस्त्यावर बाकीच्या बायका जोडीजोडीने दिसायच्या. ही फोन कानाला लावून चालायची, पलीकडे कुणी नसलं तरी.

एका दुपारी, एका बाईंची एक भुवई झाली होती आणि दुसरी व्हायची होती, तेवढ्यात तिला जाणवलं. "दोन मिनिटं हं," म्हणून ती आत गेली. खरंच पाळी आली होती. बंद दाराआड ती एकटीच हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि दुसरी भुवई कोरून दिली.

घरी जाताना तिने मैत्रिणीला फोन लावला. मागे मूल रडत होतं. "नंतर करते गं," मैत्रीण म्हणाली. तो फोन काही आला नाही. बहिणीला सांगितलं, तर तिने बरं झालं म्हणून भाच्याच्या परीक्षेचा विषय काढला.

पुढच्या तपासणीला ती नंबर लागायच्या कितीतरी आधी जाऊन बसली. पाळी आल्याचं ऐकून डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. इसबगोलामुळे का, असं हिने विचारलं. त्या म्हणाल्या, नेमकं सांगता येणार नाही, सगळ्याचीच थोडीथोडी मदत झाली असेल, चालू ठेवा.

बोलणं संपलं तरी ती उठेना.

"आणखी काही सांगायचंय?"

"नाही," ती म्हणाली. "एवढंच होतं."

पुढेही पाळी येत राहिली, कधी वेळेवर, कधी रेंगाळत. नंतर मात्र तिने ते कुणाला सांगितलं नाही.