चिंधी बांधलेला दुधी

काल सुनेनं वाळवलेली गवार तेलात टाकली आणि त्या वासानं मला द्वारकाची परसबाग आठवली. द्वारका माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

अकरा वर्षांमागं बचत गटाच्या बाया द्वारकाकडून परसात भाज्या लावायला, उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवायला शिकत होत्या. गवार मिठाच्या पाण्यात उकळून आमच्याच पत्र्यावर वाळत पडायची. माझा ऊस फॅक्टरीला जायचा, तरी लोक घराला 'द्वारकाबाईचं घर' म्हणायला लागले. ते मला लई लागलं.

तिनं मिरजगावच्या माहेराहून, मेलेल्या आईच्या गाडग्यातलं दुधीचं शेवटचं बी आणून लावलं होतं. वेल किडीनं गेला, एकच दुधी राहिला. तो बियाण्याला राखायचा म्हणून तिनं देठाला लाल चिंधी बांधली. अशाला आमच्याकडं कुणी हात लावत नाही.

एका दुपारी ती गटाला गेलेली. घरात भाकरी होती, कालवण नव्हतं. मी तोच दुधी तोडला, ती आल्यावर तिच्यापुढं ठेवला.

"चिंधी दिसली न्हाई व्हय तुमाला?"

"माझ्या जागेत मला चिंधी दावती व्हय?"

"आयचं बी हुतं वो."

तिनं दुधी चिरला. आतलं बी कोवळं, बोटानं दाबलं की पाणी होत होतं. तिनं भाजी केली, मला वाढली. मी हट्टानं दोनदा मागून खाल्ली. ती समोर बसून देठाची गाठ सोडवत होती.

चुकलो म्हणायला मला त्यानंतर नऊ वर्षं मिळाली. मी म्हणालो नाही.