पाचवं शील

केशोरीच्या बुद्धविहारात वंदना सुरू झाली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची, ती संघदीप शहारेच्या आवाजामुळं. तो पुढं म्हणायचा, सगळा विहार त्याच्या मागून म्हणायचा. त्याचे वडील भैयाजी त्या विहाराचे कर्ते. दिवसभर धानाच्या बांधीत राबणारे आणि दारूचे हाडवैरी. गावात कुणी झिंगलेला दिसला की त्याच्या घरी जाऊन, बायकोपोरांसमोर त्याची कानउघाडणी करायचे.

असल्या बापाचा लेक २०११ साली बी.एस्सी.ला गोंदियाला आला आणि माझ्या खोलीत राहिला. मी लोकेश, दवनीवाड्याचा. आम्ही खेड्यातली पोरं घरून तांदळाचं पोतं आणायचो आणि खोलीवर भात शिजवायचो. संघदीपला शिजवायचा भारी कंटाळा. त्यानं युक्ती काढली. घरचं पोतं कॉलेजसमोर छोटेलालच्या ठेल्यावर नेऊन टाकायचं आणि त्या बदल्यात रोज संध्याकाळी चाऊमीन, मंचुरियन, नाहीतर लालभडक फ्राइड राइस हाणायचा. वर कोल्ड्रिंक. लोक म्हणतात खाईन तर तुपाशी. आमचा गडी तेलाशी. मी टोकलं की म्हणायचा, "तुह्या वरणात का सोनं आहे का बे?" दोन वर्षांत तो असा फुगला की घरच्या पँटी मला देऊन टाकल्या.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात आरोग्य तपासणी झाली. त्याची जाडी पाहून डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करायला लावली. लिव्हरवर चरबी निघाली.

"पितोस?" बाईंनी विचारलं.

"थेंबही नाही, मॅडम."

"मग खातोस काय?"

त्यानं सांगितलं. बाई म्हणाल्या, तेलकट बंद, कोल्ड्रिंक बंद, रोज चालायचं; अजून वेळ गेलेली नाही.

लपवाछपवी संघदीपला कधी जमली नाही. त्यानं घरी फोन करून सरळ सांगितलं, लिव्हरमध्ये बिघाड आहे. तिथंच घोटाळा झाला. केशोरीत लिव्हर एकाच गोष्टीनं जातं. त्याची आई अनुसयाबाई रडायलाच बसली. शेजारी म्हणाले, शहरात गेलं की पोरगं बाटतंच. त्या शहाण्यांचा मला अजून राग येतो. लिव्हर काही ग्लास पाहून खराब होत नाही, पण हे सांगायला तिथं कोण होतं?

पौर्णिमेला तो गावी गेला. विहार भरला होता. तो नेहमीसारखा पुढं बसला, तर भैयाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "चारच म्हण. पाचवं तुह्या तोंडी नोको."

पंचशीलातलं पाचवं म्हणजे नशेपासून दूर राहण्याचं. संघदीपनं चार म्हटली आणि मान खाली घातली. पाचवं भैयाजींनी स्वतः म्हटलं. गावाला जे समजायचं ते समजलं.

खोलीवर परतल्यावर तो म्हणाला, "लोकेश, बाबानं मारलं असतं तं बरं झालं असतं."

"तू काऊन बोलला नाही?"

"विहारात बापाले खोटा पाडू का?"

ठेला त्यानं कधीच सोडला होता. त्याचं पोतं आधीच छोटेलालकडे रिकामं झालं होतं, म्हणून माझ्याच तांदळाचा भात खायचा, सकाळी चालायला जायचा. पण एरवी आंघोळ करतानाही वंदना म्हणणाऱ्या त्या पोराचा आवाज बंद झाला. मला ते त्याच्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

महिन्याभरानं भैयाजी न सांगता आले. कोहमाऱ्याला गाडी बदलून, धुळीनं माखलेले. पाणीही न पिता खाटेखाली, पुस्तकांमागं बाटल्या शोधू लागले. बाटली सापडली नाही. तांदळाचं पोतं तेवढं रिकामं सापडलं.

"तांदूर कोठी गेला? इकून पेलास का?"

"चला बाबा," एवढंच म्हणून संघदीप त्यांना छोटेलालकडे घेऊन गेला. मीही मागं गेलो. राहवेना म्हणून मीच छोटेलालला सगळं सांगितलं.

छोटेलाल कढईवरून वर बघत म्हणाला, "दारू? काकाजी, इसने तो आज तक बीडी भी नहीं माँगी. चावल देता था, चाऊमीन खाता था. अब तो वो भी बंद है."

"जो हा खात होता, तो बनाव," भैयाजी म्हणाले.

छोटेलालनं तेलाची धार सोडली. ती थांबेचना. भैयाजी बघत राहिले. "एवढं तेल तं आमच्या घरी हप्ताभर पुरते," ते पुटपुटले. प्लेट आली. दोन घास खाऊन त्यांनी ती खाली ठेवली.

"याच्यानंच?"

"हो बाबा."

ठेल्याभोवती पोरांची गर्दी होती, मागं ऑटोवाले हॉर्न वाजवत होते. भैयाजी उठून उभे राहिले.

"मी तुले इचारलो नाही, लोकाइचं आयकलो. चुकलो. आता पाचवं म्हण."

"इथं?"

"लोकाइसमोर थांबवलो ना? मंग लोकाइसमोरच म्हण."

संघदीपचा आवाज आधी फुटेना. मग फुटला. मंचुरियन खाणारी पोरं वळून बघू लागली. भैयाजींनी डोक्याचा दुपट्टा काढला, हात जोडले आणि लेकाच्या मागून एकेक शब्द म्हणत पाचवं शील घेतलं.