भैरवीची गूळतुला आणि पारड्यातले नारळ

नवस फेडायला उशीर झाला तर देव काही बोलत नाही, गावातली माणसं बोलतात. लग्नानंतर फार वर्षांनी, मी चाळिशी ओलांडल्यावर आम्हाला मुलगी झाली. वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भैरवनाथाला मी कबूल केलं होतं की पोर स्वतःच्या पायाने शाळेत जाऊन बसली की तिच्या भारोभार गूळ तुझ्या दारात वाटीन. मुलीचं नावही त्याच्यावरूनच भैरवी ठेवलं.

शाळेत जाऊन बसण्याचं प्रकरण वाटलं तितकं सोपं निघालं नाही. जून ते दिवाळी ती गेटवर माझ्या शर्टाचं बटण धरून रडायची. वॉचमन म्हणायचा, "आजोबा, तुम्ही जा, मग ती गप होईल." मी आजोबा नाही हे त्याला सांगायचं मी पहिल्या आठवड्यातच सोडून दिलं. मग दिवाळीनंतर एके सकाळी तिने माझं बोट सोडलं, मागे न बघता आत गेली आणि मीच गेटवर उभा राहिलो. संध्याकाळी चितेगावहून कंपनीतून घरी आलो, तर सविता, म्हणजे माझी बायको, दारातच म्हणाली, "आता गावाकडं निघा. कबूल केलंय तुम्ही." तरी रजा, लग्नसराई, पाहुणे यांत माघ उजाडला. रविवार भैरवनाथाचा वार, म्हणून रविवार धरला.

गाडी सविताच्या धाकट्या भावाची, गणेशची. शहरातल्या आमच्या पुंडलिकनगरातून नऊला निघालो. आम्ही तिघं मागं, गणेश एकटा पुढं. तो म्हणाला, "दाजी, मला पार ड्रायव्हर केलं तुम्ही." वैजापूरला जायला दोन रस्ते. एक जुना, लासूर स्टेशनवरून, चहाच्या टपऱ्या आणि गतिरोधकांचा. दुसरा समृद्धी, माळीवाड्याला चढायचं आणि वैजापूरच्या अलीकडं जांबरगावला उतरायचं. टोल शंभराच्या आसपास, वेळ निम्मा. गणेश अर्थातच समृद्धीवाला.

पडेगाव यायच्या आतच भैरवीने पाण्याची बाटली संपवली. मिटमिट्याला लघवीला थांबलो. दौलताबादचा किल्ला दिसला, तशी ती म्हणाली, "पप्पा, तिथं पाणी मिळतं का?" इतर मुलं किल्ल्यावर तोफ आहे का, राजा आहे का, असं विचारतात. आम्ही हसलो. माळीवाड्याला पुन्हा बाटली घेतली, पुन्हा थांबलो. गणेश म्हणाला, "भैरूशेठ, तुमची टाकी लहान आणि नळ मोठा हाय."

ज्यांना लहान मूल घेऊन हा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. समृद्धी रस्ता गुळगुळीत आहे, पण मध्येच बाजूला घेऊन थांबता येत नाही. आमच्या टप्प्यात थांबायला सोयीची जागा दिसली नाही. भैरवी रडकुंडीला आली. "दाजी, इथं थांबलो की दंडाची पावती येती घरी," गणेश म्हणत राहिला आणि शेवटी पोरीने सीटवरच केलं. सविताने खाली टॉवेल अंथरला आणि कपडे बदलले. ती हळूच मला म्हणाली, "रात्रीचंही परत सुरू झालंय हिचं." वर्षभर अंथरूण कोरडं होतं. शाळेच्या बाईंनीही चिठ्ठी पाठवली होती की भैरवी सारखी बाथरूमला जायचं म्हणते. शाळेची भीती अजून पोटात असेल, असं आमचं दोघांचं मत पडलं.

वैजापुरात किराण्याच्या ठोक दुकानातून गूळ घेतला. शाळेने जूनमध्ये वजन केलं तेव्हा भैरवी सोळा किलो होती. आठ महिन्यांत वाढ धरून मी सतरा किलो घेतला: दहाची एक ढेप, पाचाची एक आणि एकेक किलोच्या दोन. भाव साठाच्या आसपास. पिवळाधमक घेऊ नका, काळपट घ्या, चव त्याला असते. गूळ डिकीत ठेवला. दुकानाशेजारी उसाचा रस होता. भैरवीने एक ग्लास घटाघटा पिऊन दुसरा मागितला. रसवाला कौतुकाने मला म्हणाला, "द्या आजोबा, नातीला. पोटात थंड असतंय."

गाव तिथून पुढे अर्ध्या तासावर. दोन्ही बाजूंनी कांदा, मधूनमधून वेचून झालेल्या कापसाच्या पळाट्या. देवळापुढं लिंबाचं झाड आहे. तिथं गाडी लावली, ऊन होतं म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या. माझी थोरली चुलती, जिला सगळं गाव जिजी म्हणतं, ती दोन तास आधीपासून पायरीवर बसलेली. तिने भैरवीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मला म्हणाली, "आलास व्हय? मला वाटलं पोरीच्या लग्नातच गूळतुला करतो."

सविताने भैरवीला नवं परकर-पोलकं घातलं. परकर कमरेवर ठरेना. दिवाळीत त्याच शिवणकामवाल्या बाईने शिवलेला बरोबर बसला होता. सविताने नाडीचे दोन वेढे घेतले आणि म्हणाली, "माप मोठं घेतलं बाईनं."

आमच्या देवळात तुलेसाठी कापूस मोजायची जुनी मोठी तागडी आहे. सभामंडपाच्या तुळईला ती टांगतात. गुरवाने दोन्ही पारड्यांत सारखे पाट ठेवून एकात भैरवीला बसवलं. तिला तो झोकाच वाटला. दुसऱ्या पारड्यात गणेशने आधी दहाची ढेप ठेवली, मग पाचाची. तेवढ्यातच भैरवीचं पारडं वर गेलं. मला वाटलं, दोर अडकला. गुरवाने दोर हलवून पाहिला, तागडी मोकळी होती. नवसाचा बोललेला गूळ सगळा चढवायचा, म्हणून वरच्या दोन लहान ढेपाही ठेवल्या. भैरवी वर टांगल्यासारखी झाली आणि हसायला लागली.

मंडपातही हशा झाला. कुणीतरी म्हणालं, शहराची हवा खाती पोरगी, भाकर नाय खात. गणेश म्हणाला, "दाजी, त्या दुकानदारानं जास्त गूळ दिला. असा दुकानदार मलाबी दाखवा."

मी पाचाची ढेप उचलायला वाकलो, तर गुरवाने हात आडवा घातला. "पारड्यात चढला तो गूळ देवाचा. खाली उतरवायचा नाय."

"मग पोरीकडं भर टाका," जिजी म्हणाली. "नारळ हायेत की."

नवसाला आणलेले नारळ होते. गुरवाने एकेक नारळ भैरवीच्या पुढ्यात ठेवायला सुरुवात केली. दोन झाले, तीन झाले, चार झाले. लोक आता मोजायला लागले होते. सातव्या नारळाला तागडी सरळ झाली, घंटा वाजली, भंडारा उधळला. नारळांच्या मधोमध माझी मुलगी बसली होती, दोन हातांनी एक नारळ पोटाशी धरून. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. पण डोक्यात हिशोब आपोआप झाला आणि माझे हात जागच्या जागी थांबले. सात नारळ म्हणजे चार किलो. चार किलो माझी मुलगी कुठं गेली?

हे चित्र आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

गूळ फोडायला सुरुवात झाली. गणेश गाडीतून परात आणायला गेला आणि तिथूनच ओरडला, "दाजी, गूळ सांडला का सीटवर? मुंग्या लागल्यात."

गूळ डिकीत होता. सीटवर तो आलाच नव्हता. मी गेलो. समृद्धीवर सविताने अंथरलेल्या टॉवेलवर मुंग्याच मुंग्या होत्या, लिंबाच्या खोडापासून दारातून आत आलेली सरळ रांग. मी तिथंच उभा राहिलो. आमच्या शाळेत एक म्हातारे मास्तर होते. मोठी माणसं म्हणायची, त्यांच्या लघवीला मुंग्या लागतात, त्यांना साखरेचा आजार आहे. आम्ही पोरं हसायचो. पण ते मास्तर म्हातारे होते. हिला तर अजून पंधरा म्हणता येत नाही, चौदानंतर एकदम सोळा म्हणते.

मी देवळाकडे वळलो, तर जिजी भैरवीच्या तोंडाशी गुळाचा खडा नेत होती. मी तिचं मनगट धरलं.

"जिजी, नको."

"अरे, देवाचा हाय."

"व्हय, देवाचाच हाय. तरी नको."

आयुष्यात मी प्रसादाला कधी नाही म्हटलेलं नाही, पायरीवर सांडलेला कणही उचलून तोंडात टाकणारा मी. जिजी हात मागं घेत म्हणाली, "शहरात राहून पोरगं देवाला नाय म्हणाया शिकलं." मी भैरवीला उचललं. तिने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि पाणी मागितलं. तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास येत होता, आणि श्वास पळून आल्यासारखा चालू होता. सविताने फक्त माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पिशवी उचलली. निघताना देवाला नमस्कार केला की नाही, मला आठवत नाही.

वैजापुरात लहान मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद, पण ते वरच राहायचे. त्यांनी भैरवीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राला लावला. आकडाच आला नाही. ते म्हणाले, साखर या यंत्राच्या मापापलीकडं आहे. एका दिवसात दोन मापांवर चढली माझी पोर, आणि एका मापाचा अर्थ मला मुंग्यांनी सांगितला, दुसऱ्याचा डॉक्टरांनी.

सविता म्हणाली, "आमच्या घरात कुणालाच नाही हो. आणि ती एवढीशी आहे."

"एवढ्याशांनाही मधुमेह होतो, ताई. हा मोठ्या माणसांचा नाही, वेगळा आहे. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मी फोन करतो. घरी जाऊन बघू, असं अजिबात करू नका."

त्यांनी सलाईन लावून दिलं. बाटली मी हातात धरली, गाडीच्या टपाला टेकवून. सकाळी ज्या रस्त्याला आम्ही नावं ठेवली, त्याच समृद्धीवर आता कुठंही थांबायचं नव्हतं. माळीवाड्याच्या जवळ भैरवीने डोळे किलकिले केले.

"पप्पा, माझा गूळ कुणी खाल्ला?"

"सगळ्या गावानं खाल्ला."

"मला ठेवला?"

मी सलाईनची बाटली दुसऱ्या हातात घेतली. सविताने तिचे पाय मांडीवर घेतले आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

दवाखान्यात आठवडाभर होतो. पहिले दोन दिवस काचेतून पाहण्याचे. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि नर्सला चौदा, सोळा मोजून दाखवू लागली. डॉक्टर बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की हे गोड खाण्याने झालेलं नाही, शाळेच्या भीतीने नाही, कुणाच्या हयगयीनेही नाही. शरीर इन्शुलिन बनवायचं थांबलं आहे, ते आता बाहेरून द्यायचं. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, रोज, आणि कायम. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच उत्तर तितक्याच शांतपणे पुन्हा दिलं. सुई टोचायला आम्हाला आधी संत्र्यावर शिकवलं. संत्र्यावर माझा हात स्थिर होता.

आता घरी आहोत. भैरवी शाळेत जाते. बाईंना सगळं समजावून सांगितलं आहे, दप्तरात साखरेची पुडी असते, कारण रक्तातली साखर कधी एकदम उतरतेही. संध्याकाळी ती स्वतःच्या बाहुलीला टोचते आणि तिला सांगते, झालं, झालं, मुंगी चावली.

जिजीचा फोन येतो. गावात आता तीच सांगते की देवाने तागडीत दाखवलं, म्हणून पोर वाचली. मी वाद घालत नाही. मलाही तसं मानायला आवडतं. फक्त रात्री हात जोडले की एक गोष्ट मनात येतेच. त्याने दाखवलं असेल, तर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यावर सात नारळ ठेवले आणि टाळ्या वाजवल्या.

नवसाला जाणाऱ्यांना रस्ता, टोल, गूळ सगळं वर सांगितलं आहे. आणखी एकच सांगायचं आहे. लहान मूल अचानक सारखं पाणी मागत असेल, सारखं लघवीला जात असेल, कोरडं झालेलं अंथरूण पुन्हा ओलं करत असेल, कपडे सैल पडत असतील, तर गावाला निघण्याआधी त्याच दिवशी साखर तपासून घ्या. बोटाला एक टोचणी, तेवढंच लागतं.

मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो. नर्सने भैरवीला वजनकाट्यावर उभं केलं. ती सरळ उभी राहिली, मग इकडं तिकडं पाहिलं आणि नर्सला म्हणाली, "माझे नारळ कुठंयत?"

नर्सने माझ्याकडं पाहिलं. मी काट्याकडं पाहत होतो. सोळाच्या थोडा पुढं होता.

"आता नारळ लागत नाहीत," मी भैरवीला म्हणालो.

ती जरा हिरमुसली.