चार टोपणं तेल

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळत आलो. विसरलो म्हणून नव्हे. ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. गुन्हा उघड झाला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण त्या प्रकरणाच्या कागदांत एक ओळ मी खोटी लिहिली. ती दुरुस्त करायची आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका शाळेमागची सात सागवानं कुणीतरी कापून नेली. दुसऱ्याच दिवशी लाकडाचा एक ठेकेदार आपणहून ठाण्यात आला. चहा पिता पिता म्हणाला, या चार गावांत झाडं कापायचं मशीन एकाच माणसाकडे आहे. तो माणूस म्हणजे आबा. साठी उलटलेले, बारीक अंगाचे, झाडतोडीवर जगणारे. दुभती म्हैस विकून त्यांनी पेट्रोलवर चालणारं ते करवतीचं मशीन घेतलं होतं.

पंचनामा करून मी मशीन जप्त केलं, चिठ्ठी बांधून मुद्देमाल खोलीत ठेवलं. आबांना रोज चौकशीला बोलवायचो. ते भाकरी बांधून यायचे आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. मी आवाज चढवला, तरी उत्तर तेच, "ती झाडं मी न्हाय कापली." खोटं बोलणारा रोज थोडी भर घालतो. आबांच्या बोलण्यात भर पडत नव्हती. हे मला कळायला हवं होतं. त्यांची काळजी एकच. "सायेब, मशीन उनात ठेवू नगासा. टाकी रिकामी हाय, मी रोजच्या रोज वतून काडतोय."

चौथ्या दिवशी पहाटे वाऱ्यानं रस्त्यावर झाड आडवं पडलं. पलीकडे जीपमध्ये बाळंतपणाला निघालेली एक बाई अडकली होती. आबा अजून यायचे होते. मी मुद्देमाल खोली उघडली, नोंद न करता मशीन बाहेर काढलं, शिपायाच्या मोटरसायकलमधलं पेट्रोल टाकीत घातलं आणि स्वतः झाड कापलं. जीप गेली. शेवटचा ओंडका कापताना मशीन किंचाळल्यासारखं वाजलं आणि थांबलं. चालू करायची दोरी ओढली, तर ती जागची हलेना. तापलं असेल म्हणून पुसून, चिठ्ठी सारखी करून परत ठेवलं.

त्याच दुपारी शाळेमागच्या झुडपात शिपायाला पाण्याची एक बाटली सापडली. तळाशी काळपट पेट्रोल होतं. आबा आता कबूल होतील, अशा खात्रीनं मी ती त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी थेंबभर बोटांत चोळून वास घेतला.

"ह्ये गाडीचं जळकं त्याल मिसळलंय, सायेब. सोताच्या मशिनीत असलं कोण घालंल? भाड्याची मशीन असणार."

"तुम्ही काय घालता?"

त्यांनी खिशातून खोकल्याच्या औषधाचं टोपण काढलं. "एका लिटरला चार टोपणं चांगलं त्याल. ह्या इंजनाला दुसरं त्याल न्हाय, पेट्रोलातनं जाईल तेवढंच. कोरडं पेट्रोल घाटलं की आतनं घासतंय आणि मरतंय."

मी समोरचे कागद चाळत राहिलो.

तपास त्यांच्या शब्दावर पुढं गेला. बाजारपेठेतल्या भाड्याच्या दुकानात तसलं एक मशीन मिळालं. धुराची नळी काजळीनं तुंबलेली, जळक्या तेलाचा वास येणारी. वहीत नाव ठेकेदाराच्या ड्रायव्हरचं होतं. संध्याकाळपर्यंत ठेकेदारानंच सगळं कबूल केलं. खबर घेण्याआधी खबर आणणाऱ्याला नीट बघावं, हे मी पुढं नव्या पोरांना शिकवत आलो. उरलेलं मात्र शिकवलं नाही.

कोर्टाच्या आदेशानं मशीन आबांना परत दिलं. त्यांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग प्लग काढून भोकातून आत पाहिलं, आणि माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "जुनं मशीन आहे, आबा. आणलं तेव्हाच बंद होतं."

त्यांनी प्लग परत बसवला. "असंल, सायेब," म्हणाले आणि मी लिहिलेल्या पावतीवर सही केली. 'मशीन जुने व बंद स्थितीत.' तीच ती ओळ.

आबांनी पुन्हा कुऱ्हाड हातात घेतली. तरी माझी बदली होईपर्यंत दर उन्हाळ्यात ठाण्यात त्यांचा एक फणस यायचा. "कापा हाय, बरका न्हाय, सायेबास्नी सांगा," असा निरोप शिपायाकडं ठेवून जायचे. लोकांकडून गुन्हा कबूल करून घ्यायला मी खात्यात शिकलो; स्वतः कबूल व्हायला तिथं कुणी शिकवत नाही.

निवृत्तीनंतर मी तसलंच नवं मशीन विकत घेतलं, त्यांना द्यायलाच. सांगताना मात्र माझ्या शेतासाठी म्हणून सांगितलं आणि शिकवायला त्यांना बोलावलं. आबा आले. आधी अर्धं पेट्रोल, मग टोपणानं मोजून तेल, मग उरलेलं पेट्रोल. कॅन घुसळताना कानाजवळ धरला.

"आबा, हे तुम्हीच घेऊन जा," मी म्हणालो.

"आता मला उचलत न्हाय ओ." ते हसले. मग टोपण माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. कोरडं चालवू नगासा म्हंजे झालं."

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी चहा आणायला आत गेलो.

गेल्या वर्षी आबा गेले. टोपण माझ्या खिडकीत आहे. त्यानं तेल मोजताना दर वेळी जे ओठांवर येतं, ते आता इथं लिहितो.

आबा, तुमचं मशीन चालू होतं. कोरडं पेट्रोल मी घातलं. मला माफ करा.